टायगर गप्प राहायला शिकला

मुलाने, राजदीपने कुत्र्याचं पिल्लू ऑगस्टमध्ये आणलं, माझ्या नातीच्या, रोशनीच्या वाढदिवसाला. नाव ठेवलं टायगर. ताडोब्यापासून तासाभराच्या अंतरावर राहून कुत्र्याला टायगर म्हणायचं, याचं मला हसू आलं. ते हसू महिनाभर टिकलं. माणसं घराबाहेर पडली की हा दाराशी बसून भुंकायला लागे, ते माणसं परत येईपर्यंत.

मूल तालुक्यातल्या आमच्या गावात न भुंकणारं कुत्रं कोणी ठेवत नसे. बिबट गोठ्याशी आला तर तेच आधी सांगे. इथे शहरात, तुकूमच्या फ्लॅटमध्ये सांगायचं कोणाला? एक दिवस खालचे अयूबभाई वर आले.

"राजदीपभाऊ, माह्या अम्मीचं ऑपरेशन झालं. तिले झोपू द्याल, का तिच्यासाठी दुसरा फ्लॅट पाहू?"

हसतच बोलले, पण सुनेचा, नूतनचा चेहरा उतरला. तेव्हापासून कोणीतरी घरी राहायचं ठरलं. कोणीतरी म्हणजे मी. एक लग्न झालं, वरोऱ्याला एक बारसं झालं. मी घरीच. त्याचं मला फारसं वाटलं नाही. पण सोळा ऑक्टोबर जवळ आला तसा जीव कासावीस व्हायला लागला.

छप्पन साली त्याच तारखेला इथल्या मैदानावर धम्मदीक्षा झाली. शहराला तेव्हा चांदाच म्हणत. मी सहा वर्षांची, वडिलांच्या खांद्यावर. पुढे पोटुशी असताना त्या मैदानावर गेले, नवरा वारला त्या वर्षीही गेले. कोरोनाची वर्षं सोडली तर एकही सोळा ऑक्टोबर चुकवला नाही.

"आई, या वर्षी राहू दे," राजदीप म्हणाला. "तू आली तर याले कोण पाहीन?"

"आन हा गप्प राह्यला तर?"

"हा? गप्प?" तो हसला. "मंग चाल ना. तुले कोण अडवते?"

एवढं मला पुरलं. एकतीस वर्षं मी अंगणवाडी चालवली. आई गेली की आकांत करणारी पोरं कमी पाहिली नाहीत. मी दाराबाहेर जिन्यात उभी राहायची. तो भुंकत असेपर्यंत आत जायचं नाही, श्वास घ्यायला थांबला की लगेच जायचं आणि पोळीचा तुकडा द्यायचा. आधी दोन मिनिटं, मग पाच. गुडघे दुखले की पायरीवर बसायची. दसऱ्यापर्यंत अर्ध्या तासावर आला. चौदा तारखेला मी दोन तास अयूबभाईंच्या अम्मीजवळ, खैरुनबींजवळ जाऊन बसले. वरून हूं की चूं नाही.

"बाई, त्याले अफू दिली का काय?" खैरुनबी म्हणाल्या.

राजदीपला सांगितलं, तो म्हणाला, "कमाल केली, आई."

सोळाला मी पहाटेच पांढरं लुगडं नेसून तयार झाले. नऊला वरोऱ्याहून नूतनचे आईवडील आले. पाण्याचे पेले फिरले. नूतन माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आई, गाडीत पाचच जन बसतात. आन तिथं गर्दी किती राह्यते, तुमच्या गुडघ्याले झेपणार नाई."

"टायगर राह्यते आता एकटा," मी म्हटलं.

"टायगरचा काय संबंध?" राजदीप म्हणाला. घाईत होता बिचारा. आपण काय बोललो, तेही त्याला कळलं नसावं.

मोबाइलवर ऑटो बोलवायला मला येत नाही, हे त्यांना माहीत होतं. कोपऱ्यावरच्या स्टँडपर्यंत चालत जायला मला येतं. पण ते गेल्यावर मी जागची उठले नाही. मी खुर्चीत बसून राहिले. टायगरने एकदाही तोंड उघडलं नाही.

चारला सगळे आले. नूतनने चप्पल काढायच्या आधी विचारलं, "भुंकला का?"

"नाई."

"पाहा!" ती तिच्या आईला म्हणाली. "ह्या घरी असल्या का कसा शांत राह्यते. आता दिवाळीत आपण बिनधास्त गोव्याले जाऊ."

दुसऱ्या दिवशी राजदीप ड्यूटीवर, नूतन बँकेत, रोशनी शाळेत गेली. मी कुलूप लावलं, कोपऱ्यापर्यंत चालले आणि ऑटोने मैदानावर गेले. मंडप उतरवणं चालू होतं. बांबूंचे ढीग, सगळीकडे कागदी प्लेटा. झाडणाऱ्या बाईने झाडू थांबवला.

"मावशी, काई हरवलं का?"

"नाई बाई. उशीर झाला."

पायातली चप्पल काढून थोडा वेळ उभी राहिले आणि परत आले. तीन तास घर बंद होतं. टायगर भुंकला नाही, त्यामुळे मी गेले होते हे घरात कोणाला कळलंही नाही.