घरी कोण आहे

नूतनने पेशंटच्या नावपट्टीसारखी मुलीच्या वेणीची लाल रिबीन सासूच्या मनगटाला बांधली, दोन पावलं मागे सरकली आणि शाळेत कविता म्हणावी तशा आवाजात म्हणाली, “नमस्कार. मी नूतन, आज तुमची नर्स. तुमचं पूर्ण नाव सांगाल?”

“झुंबरबाई निंबा पाटील,” खुर्चीतून निंबा आबा म्हणाले. “वय पासष्ट.”

“आबा, तुम्ही नाही. त्या सांगतील.”

“ती कशी सांगी? मनं नाव येस ना मझार.”

दोंडाईचाहून जळगावात मेहरूणला राहायला आल्या तरी झुंबरबाईंनी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. बँकेत, रेशनच्या दुकानात, दवाखान्यात नाव विचारलं की त्या मान वळवायच्या आणि आबा सांगायचे. नावापासून सुरुवात झाली आणि हळूहळू बाकीचं खातंही आबांच्याच ताब्यात गेलं. झुंबरबाईंना कुठली भाजी आवडते, त्यांना प्रवास का सोसत नाही, त्यांचं कुठे दुखतं, हे सगळं आबा सांगायचे. एसटीच्या चौकशीच्या खिडकीत जन्म काढलेला माणूस. प्रश्न कुणालाही असो, उत्तर द्यायचं ही त्यांची नोकरी निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

नूतनलाही नोकरीने तसंच घडवलेलं. जळगावच्या वॉर्डात एका खाटेभोवती आख्खं गाव उभं असतं आणि पेशंट तेवढा गप्प असतो. आल्या आल्या “नातेवाईक कोण?” हे विचारायचं, मग सगळं नातेवाइकांशीच बोलायचं. काम भराभर उरकतं, पेशंटही सुखी. पण ती नर्स म्हणून जाणार होती त्या इंग्लंडला हे चालत नव्हतं. इंग्रजीची परीक्षा झाली, कॉम्प्युटरवरची झाली, नर्सिंग कौन्सिलच्या शिक्क्यांसाठी मुंबईच्या चकरा झाल्या. उरली होती ती प्रात्यक्षिक परीक्षा, तिकडे गेल्यावर द्यायची. ती पास होईपर्यंत तिथल्या नोंदणीत नाव नाही, आणि नाव नाही तोवर नर्स नाही. सरावाच्या परीक्षेत ऑनलाइन शिकवणाऱ्या मॅडमनी तिला दोनदा नापास केलं होतं. कारण दोन्ही वेळा एकच: पेशंट सोडून शेजारी उभ्या माणसाला विचारलं. “भाषा कुठलीही चालेल, घरच्यांवर सराव करा,” मॅडम म्हणाल्या होत्या, “पण ही सवय मोडा. विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.”

“कुठे दुखतं का तुम्हाला?” नूतनने पुढचा प्रश्न घेतला.

“डावा गुडघा,” आबा.

“कधीपासून?” नूतनने विचारलं, आबांना.

“नापास,” दारात मोबाइल धरून परीक्षक झालेला ज्ञानेश्वर म्हणाला.

नूतनने कपाळावर हात मारला. दिवाणावर झुंबरबाई पंख्याकडे बघत पडून होत्या, दोन कारकुनांचा वाद मिटेपर्यंत पडून राहिलेल्या पार्सलसारख्या.

“तुला हसायला काय जातं,” ती नवऱ्याला म्हणाली. “तू मागून येणार, पोरीला घेऊन, आरामात. तिकडे मी तोंडावर आपटले तर परत येऊन कुठल्या तोंडाने ड्यूटी मागू?”

“मग आबांना बाहेर काढ.”

“मी काय करेल शे?” आबा म्हणाले. “तिले समजत नै, म्हनीसन मी सांगस.”

“आबा, बाहेर बसा. हात जोडते. आणि ज्ञानेश्वर, तूही जा. मोबाइल राहू दे खिडकीत, रेकॉर्डिंग चालू.”

आबा कुरकुरत ओट्यावर गेले. दार लोटलं गेलं. नूतनने रिबीन पुन्हा सरळ केली.

“तुमचं पूर्ण नाव सांगाल?”

“झुंबरबाई.”

“पूर्ण, आई.”

झुंबरबाईंनी दाराकडे पाहिलं. पदर नीट केला. मग घसा साफ करून म्हणाल्या, “झुंबरबाई निंबा पाटील.”

ओट्यावरची कुरकुर थांबली.

नूतनला हसू आलं, ते तिने गिळलं. “कुठे दुखतं का तुम्हाला?”

“खांदा.”

“खांदा? गुडघा ना?”

“गुडघा त्यासना दुखस. मना खांदा दुखस.” त्यांनी उजवा हात उचलून दाखवला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला.

“कधीपासून?”

“संक्रांतपाईन.”

याच हाताने त्या रोज नूतनचा डबा भरून देत होत्या, आणि ती वॉर्डात जाऊन दुसऱ्यांचे खांदे बघत होती. तिने खांदा हळूच दाबून पाहिला, कुठे कळ येते ते विचारलं, या वेळी उत्तर येईपर्यंत थांबली. सोमवारी हाडाच्या डॉक्टरांकडे न्यायचं तिने मनात नक्की केलं. सोमवारनंतर तिच्याकडे फारसे वार उरले नव्हते, हेही त्याच वेळी मनात आलं.

पुढचा प्रश्न पाठ होता, म्हणून तो तोंडातून आपोआप निघाला.

“घरी गेल्यावर तुमच्याकडे बघायला कोण आहे?”

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण काय विचारलं ते. या घरात हा प्रश्न पासपोर्ट आल्यापासून सगळे ओलांडून चालत होते. ज्ञानेश्वर तर त्याच्यावरून उडीच मारायचा.

उत्तर येत नव्हतं. काहीतरी बोलून ती जागा भरून टाकावी म्हणून नूतनचे ओठ हलले. बाई लावू, मावशींना सांगू, दर वर्षी येऊ. तिने खिडकीतल्या मोबाइलकडे पाहिलं आणि ओठ मिटले.

झुंबरबाई पंख्याकडे बघत होत्या.

“निंबा शे ना,” त्या म्हणाल्या. या वेळी घसा साफ करावा लागला नाही. मग दाराकडे तोंड करून, आवाज चढवून, “आयकं का? चहा मांडा. दोन जनीसना.”

मग ओट्यावरची खुर्ची सरकली, मागच्या दाराने चपला आत आल्या. स्वयंपाकघरात डबे उघडल्याचे, झाकल्याचे आवाज. एक झाकण खाली पडलं. मग गॅसच्या लायटरची खटखट सुरू झाली. खट. खट. पेटत नव्हता.

“रेग्युलेटर बंद असेल,” नूतन पुटपुटली आणि उठायला लागली.

रिबीन बांधलेल्या हाताने झुंबरबाईंनी तिचं मनगट धरलं.

“बठ,” त्या म्हणाल्या. “पुढलं इचार.”