नलिनीताईंचं लॉगिन

नलिनीताईंनी फोन हात लांब करून धरला, सहापैकी चार आकडे मोठ्याने वाचले आणि त्या थांबल्या.

सुधाकरने ते चार आकडे लॅपटॉपवर टाइप केले.

“पुढे, ताई?”

“पुढचे दोन राहू द्या जरा.” त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. “आधी सांगा, इतके महिने होतात कुठे?”

“काम चालू आहे हो हे शिफ्टिंगचं. डोकं वर काढायला फुरसत नाही.”

उत्तर खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. सोनागिरीतल्या या घरात तो पूर्वी महिन्यातून एकदा तरी डोकावायचा. गोविंदपुऱ्यातल्या त्या कारखान्यात सगळे हिंदी बोलणारे, मराठी माणसं दोनच, हा आणि नलिनीताई. वीस वर्षं दोघांनी डबे वाटून खाल्ले होते. अडीच वर्षांपूर्वी ताई रिटायर झाल्या तरी येणंजाणं राहिलं होतं. ते तुटलं या फेब्रुवारीत. आठवडाभर तो फोन लावत होता आणि त्या उचलत नव्हत्या. काल उचलला, “घरी या,” एवढंच म्हणाल्या आणि ठेवला. कारखान्यापासून स्कूटरवर दहा मिनिटांचा रस्ता, पण मेच्या उन्हात त्याला तो फार लांबचा वाटला होता.

सुधाकर कारखान्याचा कॉम्प्युटरवाला. पदाचं नाव ‘सिस्टम इन्चार्ज’ असलं तरी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढण्यापासून सर्व्हरवरची धूळ पुसण्यापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. सत्तावन्न संपत आलं होतं आणि साठीला रिटायरमेंट. मधली वर्षं कशी तरी ओढायची, एवढाच हिशेब त्याने मनाशी केला होता. हल्ली सकाळी कारखान्याचं गेट दिसलं की त्याला घरी परत जाऊन झोपावंसं वाटे.

आता सगळं क्लाउडवर जायचं होतं. इंदूरच्या मोठ्या पार्टीची तशी अटच होती: ड्रॉइंगं सुरक्षित जागी ठेवा, आणि प्रत्येक माणसाला त्याचं स्वतःचं लॉगिन द्या. नाहीतर पुढची ऑर्डर विसरा. आणि तिथेच कारखान्याचं पितळ उघडं पडलं. कारण कारखान्यात कॉम्प्युटर चौदा होते, पण लॉगिन एकच होतं. नलिनीताईंचं.

पंधरा वर्षांपूर्वी पहिलं खातं उघडताना फॉर्ममध्ये मोबाइल नंबर मागितला होता. तेव्हाचे मालक, म्हणजे आताचे मालक जितेंद्रजी यांचे वडील, दर सहा महिन्यांनी नवी स्कीम बघून नंबर बदलायचे. सुधाकरकडे तर मोबाइलच नव्हता. ताई ड्रॉइंगांचं रेकॉर्ड सांभाळायच्या, त्यांचा नंबर पक्का होता, म्हणून त्यांचाच टाकला. नाव त्यांचं, नंबर त्यांचा. पासवर्ड कॅलेंडरच्या मागे भिंतीवर लिहिलेला. डिझाइनवाला असो की स्टोअरवाला, जो तो सकाळी कॉम्प्युटर लावून नलिनी व्हायचा आणि संध्याकाळी नलिनी म्हणूनच बंद करायचा. ताई गेल्यावरही ते कोणी बदललं नाही. चालत्या गाडीला खीळ कोण घालणार? आणि आता ते खातं क्लाउडवाल्यांच्या हवाली करायचं तर ओटीपी हवा, आणि तो यायचा सोनागिरीत, ताईंच्या फोनवर.

“हे क्लाउड म्हणजे नेमकं असतं कुठे?” ताईंनी विचारलं. खोलीत कूलरचा आवाज भरून होता. आतल्या खोलीत त्यांचे यजमान भालचंद्र गुडघ्यांना शेक घेत टीव्ही बघत पडले होते.

“दुसऱ्याच्या इमारतीत. मुंबईला असेल, हैदराबादला असेल. त्यांची मशिनं, त्यांचा एसी, आपण भाडं भरून फायली ठेवायच्या.”

“म्हणजे स्वतःचं घर विकून भाड्याच्या घरात जायचं.”

“छप्पर गळलं तर दुरुस्ती त्यांची. आपला सर्व्हर जळला तर आपणच जळलो.”

“आणि जुना सर्व्हर?”

“शनिवारी बंद करायचा. सोमवारी भंगारवाला येतोय.”

ताईंनी मान हलवली. लॅपटॉपवर लाल अक्षरं उमटली. वेळ संपली होती, ओटीपी बाद झाला होता.

“दुसरा मागवावा लागेल,” सुधाकर म्हणाला.

“मागवा. पण त्याआधी माझं ऐका.” ताई खुर्चीत सरळ बसल्या. ऑफिसात कोणी ड्रॉइंग न लिहिता घेऊन गेलं की त्या अशाच बसायच्या. “इंदूरला जे पत्र गेलं, ते तुम्ही वाचलंत?”

वाचलं होतं. फेब्रुवारीत एका ब्रॅकेटचे दोनशे चाळीस नग चुकीच्या मापाची भोकं पाडून गेले आणि सगळेच्या सगळे परत आले. सर्व्हरवर नवं ड्रॉइंग असायला हवं होतं, तिथे दोन वर्षांपूर्वीचं जुनं होतं. पार्टीने खुलासा मागितला. मार्चअखेर जितेंद्रजींनी लेखी कळवलं की फाइल एका माजी महिला कर्मचाऱ्याच्या लॉगिनमधून बदलली गेली आहे, तसं रेकॉर्ड आहे.

“कारखान्याशेजारच्या युनिटमध्ये मी कामाला जाणार होते. अर्धा दिवस, रेकॉर्डचंच काम,” ताई म्हणाल्या. “ते पण त्याच पार्टीचं काम करतात. त्यांना कळलंच. मालक म्हणाला, ‘अभी रहने दीजिए, मैडम।’ पाणी विचारलं, गेटपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला रहने दीजिए. बत्तीस वर्षं मी कागद सांभाळले, सुधाकर. एक शीट इकडची तिकडे झाली नाही. आणि आता हे.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर सुधाकरला बरं वाटलं असतं.

“मी तर तेव्हा घरात बसले होते. पापड लाटत होते म्हणा ना.” त्या क्षणभर हसल्या. “तुम्हीच मला शिकवलं होतं. लॉगिन म्हणजे कोण, आणि आयपी म्हणजे कुठून. नाव कोणीही कोणाचं लावेल, पण घर नंबर लपत नाही. आठवतं?”

आठवत होतं. प्रिंटर रुसला की तो इंटरकॉमवर विचारायचा, ताई, तुमचा नंबर कितवा? प्रत्येक मशिनला नेटवर्कवर एक पत्ता असतो, त्याचा शेवटचा आकडा तेवढा वेगळा. मार्करने लिहिलेले आकडे पुसायच्या फडक्याने जायचे, म्हणून ताईंनी एका दुपारी घरून नेलपॉलिश आणून चौदाही मशिनांवर आकडे रंगवले होते.

“नाव माझं होतं, कबूल,” ताई म्हणाल्या. “नंबर कुठला होता, तेवढा बघून द्या मला. एवढंच माझं काम करा. मग ओटीपी काय, सगळा फोन घेऊन जा.”

सुधाकरने बघितलेला होता. नग परत आले त्याच संध्याकाळी बघितला होता. कोणी, कुठून, कधी, काय बदललं याची नोंद जुना सर्व्हर बिनबोभाट ठेवत असे, आणि ती उघडून बघण्याची अक्कल कारखान्यात दुसऱ्या कोणाला नव्हती. क्लाउडवर फक्त फायली जाणार होत्या. ती नोंद सर्व्हरबरोबर सोमवारी भंगारात जायची होती. म्हणजे आणखी पाच दिवस तोंड मिटून काढले की झालं. तीन महिने काढलेच होते.

“तेवढ्या जुन्या नोंदी राहत नाहीत, ताई,” हे वाक्य त्याने स्कूटरवर येता येता घोकलं होतं. ते जिभेवर आलं. समोर ताईंनी त्याच्यासाठी पन्ह्याचा पेला ठेवला होता आणि तो अजून तसाच भरलेला होता.

“चौदा,” तो म्हणाला.

चौदा नंबरवर रंग देताना नेलपॉलिश संपत आलं होतं आणि चारचा पाय अर्धाच उमटला होता. कारखान्यात तो नंबर कोणाच्या टेबलावर आहे, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

“शिफ्टिंगसाठी जुनी डिस्क सर्व्हरवर उतरवत होतो,” सुधाकर सांगू लागला. त्याला थांबता येईना. “तिसरा दिवस होता. प्रत्येक फाइलला ते विचारतं, आधीची आहे, तिच्यावर ही टाकू का? हजारदा हो म्हटलं असेन. मग खाली असतं, सगळ्यांना हो. ते दाबलं आणि चहा प्यायला गेलो. त्यात त्या ब्रॅकेटचं नवं ड्रॉइंग पुसलं गेलं. मुद्दाम नाही केलं. पण नंतर गप्प बसलो ते मुद्दामच. पत्र गेलं तेव्हाही गप्प बसलो. या वयात मला दुसरं कोण दारात उभं करणार? लाज वाटत होती म्हणून आलो नाही तुमच्याकडे. रोज वाटत होती.”

आतल्या खोलीत टीव्हीवर कोणीतरी जोरात हसलं. ताईंनी उठून ते दार ओढून घेतलं आणि परत येऊन बसल्या.

“चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना,” त्या हळूच म्हणाल्या. “मला वाटायचं, चोर कोणी परका असेल.”

त्यांनी सुधाकरच्या खिशातल्या फोनकडे बोट केलं.

“लावा फोन जितेंद्रजींना. मला ऐकू येईल असा.”

“ताई...”

“लावा.”

त्याने लावला. स्पीकर सुरू केला.

“हाँ सुधाकरजी, हो गया?” जितेंद्रजी घाईत होते. मागे कुठेतरी ग्राइंडर चालू होता.

“भैयाजी, एक बात बतानी थी। वो फरवरी वाला ब्रैकेट... वो ड्रॉइंग मुझसे बदला था। नलिनीजी का कोई हाथ नहीं था। सर्वर में चौदह नंबर आ रहा है, मेरा।”

पलीकडे ग्राइंडर थांबला.

“पता है,” जितेंद्रजी म्हणाले. “क्लाउडवालों ने मार्च में ही दिखा दिया था।”

सुधाकरने ताईंकडे बघितलं नाही. बघण्याची हिंमत झाली नाही.

“तो फिर वो चिट्ठी...”

“अरे, किसी का तो नाम लिखना था। आप रोज़ के आदमी हैं, आपका लिखता तो पार्टी कहती निकालो इसे। फिर ये सब कौन संभालता? मैडम तो वैसे भी जा चुकी थीं, उनका क्या बिगड़ा? छोड़िए वो बात। ओटीपी लीजिए, ये लोग यहाँ बैठे हैं मेरे सामने। मैं दोबारा भिजवाता हूँ।”

फोन बंद झाला.

तीन महिने सुधाकर ज्या नोकरीसाठी रात्रंदिवस जीव मुठीत धरून होता, ती त्याच्या हातून कधी सुटणारच नव्हती. ती ताईंचं नाव देऊन आधीच वाचवलेली होती, आणि ते त्याला सांगण्याची कोणाला गरजही वाटली नव्हती. मोकळं झाल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्याला आपली किळस आली आणि नुसता थकवा आला, हाडांत उतरलेला.

“उनका क्या बिगड़ा,” ताईंनी ते शब्द तसेच, सावकाश म्हटले. त्यांचे डोळे भरले होते. पदराने पुसून त्या उठल्या.

टेबलावरचा त्यांचा फोन थरथरला. त्यांनी तो उचलला, बघितला आणि पुन्हा टेबलावर ठेवला. या वेळी सुलटा, सुधाकरच्या बाजूला तोंड करून. मग पन्ह्याचा पेला, तसाच भरलेला, घेऊन त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो चालूच राहिला.

सहाच्या सहा आकडे समोर होते. मोठे, ठळक, चष्म्याशिवाय वाचता येतील असे. लॅपटॉपवर सहा रिकामे चौकोन होते. त्याने एकदा ते आकडे वाचले. मग त्याला कळलं की ते पाठ झाले आहेत, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

त्याचा स्वतःचा फोन वाजला.

“आया?” जितेंद्रजींनी विचारलं.

“नहीं आया।”

“कैसे नहीं आया? यहाँ तो सेंट दिखा रहा है। मैडम से पूछिए।”

“नहीं पूछूँगा, भैयाजी। पहले इंदौर को दूसरी चिट्ठी जाएगी, मेरे नाम की। एक कॉपी बगलवाली यूनिट में। उसके बाद ये चाहेंगी तो आएगा।”

पलीकडे क्लाउडवाल्यांपैकी कोणीतरी मागे काही विचारलं आणि जितेंद्रजींनी त्याला हातानेच थांबवलं असावं.

“सुधाकरजी, आप सोच के बोल रहे हैं?”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता.

“फरवरी से सोच रहा हूँ,” सुधाकर म्हणाला.