फॅक्सवर आलेलं रेडी

मित्रांनो, मी एक जुना फॅक्स आहे. किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्यात, लोखंडी कपाटामागे पडून असतो. माझ्या पोटात मुंग्यांनी संसार थाटलाय. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एका सकाळचं.

१९९९ साली मी इथे आलो तेव्हा मला हळदकुंकू लावलं, माझ्यापुढे नारळ फोडला. वादळाचे इशारे माझ्यातूनच यायचे. एकदा माझ्या कागदामुळे सगळ्या होड्या वेळेत परतल्या आणि साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी मी भलताच फुगलो होतो.

पुढे मोबाईल आले. एखाद्याचा जीव धोक्यात असला की पोलीस कंपनीला पत्र पाठवायचे आणि त्याचा शेवटचा फोन कुठल्या टॉवरवर लागला ते कंपनी कळवायची. हे सगळं माझ्याच तोंडून चालायचं.

२००६ च्या फेब्रुवारीतल्या त्या सकाळी पद्मावती कोळीण ठाण्यात धावत आली. तिच्या कपाळातून रक्त वाहत होतं. तिच्या नवऱ्याची, गणपतची, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, एका ट्रॉलरने फाडली होती. तो होडी घेऊन जाब विचारायला गेला, तर ट्रॉलरवाल्यांनी त्याला केसांना धरून वर ओढला आणि बेदम मारला. ओरडत पाण्यात उतरलेल्या पद्मावतीला त्यांनी जाळ्याचं शिसं फेकून मारलं आणि ट्रॉलर दिसेनासा झाला. मग गणपतचा फोन आला. ‘माका बर्फात घातल्यानी’ एवढंच तो बोलला. पाठोपाठ तिला पहारीचे घाव ऐकू आले, त्याची किंकाळी ऐकू आली आणि फोन बंद पडला.

साहेबांनी वेळ दवडला नाही. वरिष्ठांची परवानगी घेऊन पत्र पाठवलं. कागद अडकला तसे बाबली हवालदाराने मला दोन गुद्दे हाणले. पाऊण तासाने उत्तर आलं. शेवटचा टॉवर, रेडी.

साहेब म्हणाले, रेडी बंदरात उतरून हे गोव्यात पळणार. जीप सुरू झाली. तेवढ्यात पद्मावतीने माझ्या कागदावर रक्ताने भरलेलं बोट ठेवलं.

“सायबानू, तो रेडीक नाय. निवतीच्या बत्तीपाठी गेलो काय तेच्या फोनार रेडी येता. रोज सकाळी माका सांगता तो.”

निवती रेडीपासून कितीतरी लांब, पण दर्यावर मध्ये डोंगर नाही की झाड नाही, लांबचा टॉवरही लागतो आणि त्याचं नाव फोनच्या पडद्यावर येतं. हे प्रत्येक कोळणीला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं आणि साहेबांनाही नव्हतं. साहेब थांबले नाहीत.

“कागद काय खोटो बोलतलो?” बाबली म्हणाला आणि जबाब लिहायला त्याने तिला बाकावर बसवलं.

रेडीत पोलिसांनी गोदामं पालथी घातली आणि दोन निरपराध खलाशांना पट्ट्याने फोडून काढलं. इकडे बाबली नाव, वय, गाव लिहीत होता. दीड तासाने पद्मावती उठली, त्याला ढकलून बाहेर पडली आणि किनाऱ्यावर गेली. तिच्या शब्दावर सात होड्या निघाल्या. निवतीच्या दीपगृहामागे ट्रॉलर सापडला. कोयते चालले, डोकी फुटली, मासे ठेवायच्या बर्फाच्या खणातून गणपतला ओढून काढलं. तो जिवंत होता. पहारीने चेचलेल्या, बर्फात गारठलेल्या उजव्या हाताची चार बोटं मात्र कापावी लागली. तासभर आधी आणला असता तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. तो तास माझ्या कागदाने खाल्ला, मित्रांनो. गणपत पुन्हा रापण ओढायला गेला नाही.

आम्हा यंत्रांना झाका, पुसा, गुद्दे मारू नका. पण आम्ही काही सांगितलं की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही विचारा. मला टॉवरचं नाव कळत होतं. तिला तिचा माणूस कळत होता.

माझी अक्षरं फार टिकत नाहीत, चार वर्षांत उडून जातात. परवा कोणीतरी ती फाईल काढली तेव्हा कागद कोरा होता. रेडी पुसलं गेलं होतं. तिच्या बोटाचा तपकिरी ठसा तेवढा जागेवर होता.