तीन दिवस आधीची नोटीस

मी खोटं बोललो. आणि तेही कोणाशी, तर नर्सबाईंशी! माझ्या दोन्ही पोरांना पहिली लस टोचली ती याच बाईंनी.

आमच्या निवडणूक कचेरीत फेरमोजणीची नोटीस तीन दिवस आधी बाहेरच्या फलकावर लागलीच पाहिजे, म्हणजे उमेदवाराला माणसं घेऊन हजर राहता येतं. लावणारा शिपाई मी. लावल्याबद्दल दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आता साक्षीदार काय रोज मोकळे बसलेत होय? म्हणून आमची जुनी खोड: चहावाल्याची आणि वॉचमनची सही आधीच घेऊन ठेवायची, कागद मागाहून चिकटवायचा. या वेळी डिंक संपला होता. आज लावू, उद्या लावू करत नोटीस खणातच राहिली. लावली ती थेट फेरमोजणीच्या सकाळी. कागदोपत्री मात्र सगळं वेळेवर!

नर्सबाई नगरपालिकेला आमच्या वॉर्डातून तीन मतांनी निवडून आल्या होत्या. पडलेल्या माणसाने फेरमोजणी मागितली. त्या दिवशी बाईंच्या बाजूचं कोणीच नव्हतं. शंकेच्या मतपत्रिकांवर भांडायला कोणी नाही म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. बाई दोन मतांनी पडल्या.

दुपारी त्या तक्रारीचा अर्ज घेऊन आल्या. साहेबांनी सह्यांचा कागद पुढे केला. मी तोंड उघडलं असतं तर ती मोजणी रद्द झाली असती. आणि माझी नोकरीही गेली असती.

बाईंनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "तू सांग रे. तारीख कळावी म्हणून मी रोज येता-जाता थांबून फलक वाचत होते. होती नोटीस?"

"होती की, बाई." जीभ कशी झडली नाही माझी!

मला वाटलं, आता चार शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तू कशाला खोटं बोलशील," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझे डोळेच गेले. समोरचा कागद दिसत नाही, आणि मी लेकरांना सुया टोचतेय! नको रे बाबा. उद्याच दवाखान्यात राजीनामा देते." त्यांनी अर्ज फाडला.

मी दारापर्यंत त्यांच्या मागे गेलो. "बाई..."

"काय रे?"

सांग, मेल्या, आता तरी सांग.

"जपून," मी म्हणालो, "पुढे पायरी आहे."

त्यांनी माझा हात धरला.