छपराखाली हात वर होत नाही

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे, आणि ठेंगणा असल्याचा मला तिळमात्र संकोच वाटत नाही. आफ्रिकेतल्या माली देशात, एका उंच कड्याखाली आमचे गाव आहे. तेथे पुरुषांच्या बैठकीचा जो मांडव आहे, त्याला तोगुना म्हणतात. बाजरीच्या सरमाडाचे त्याचे जाडजूड छप्पर आम्ही आठ खांब पेलतो. आमच्याकडे लाकूडही लोहारच कोरतो. त्याने बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर एक वीत मोजली आणि तेथेच मला तोडले. रागाने उठणाऱ्याचे डोके आपटावे, त्याने पुन्हा बसावे आणि सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलत राहावे, यासाठीच माझा जन्म. त्याने माझ्यावर एक स्त्रीही कोरली. खऱ्या स्त्रियांना मात्र आत मनाई! हे मला तेव्हाही पटले नव्हते.

किती पिढ्यांच्या पाठी माझ्यावर टेकल्या! माझ्या अंगाला तुकतुकी आली. निवाडा झाला की म्हातारे मला प्रेमाने थोपटत. पुढे तरुण मंडळी दुकानाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसू लागली, आणि माझ्या वाट्याला अंग घासणाऱ्या शेळ्या आल्या.

मग रस्त्याचा प्रश्न निघाला. शहरातून परतलेला ओगोबारा रस्ता समितीचा प्रमुख होता. कांद्याचे ट्रक बाजारात नेणारा सरळ रस्ता त्याला हवा होता, आणि तो यातिंबे या विधवेच्या वाफ्यांवरून जात होता. ते वाफे तिने उघड्या खडकावर टोपल्यांनी माती वाहून केले होते. तिच्यापाशी दुसरे काही नव्हते.

"आपण सात जण तयार आहोत," ओगोबारा मांडवात बसलेल्या आठव्या म्हाताऱ्याकडे वळून म्हणाला. "अपोमीकाका, आता तुम्हीही मान डोलवा."

"कांदे तिचे आणि मान माझी. डोलवू कशी?"

"तिच्याशी तर तुमचं जन्माचं वाकडं."

"आहेच. तिची जीभ तिच्या कांद्यांहून तिखट आहे. पण वाफे तिचे आहेत."

"मग हात मोजू. तयार असतील त्यांनी हात वर करा."

सातांनी हात उचलले. बोटांची पेरे छपरावर आदळली, आणि वर्षानुवर्षांची धूळ बाजरीच्या दारूत पडली. एकाचाही हात सरळ वर गेला नाही. मित्रांनो, इतके समाधान मला क्वचितच लाभले आहे.

"बाहेर चला, बाहेर मोजू," ओगोबारा खोकत म्हणाला.

"बाहेर गप्पा होतात. निर्णय इथं होतो," असे म्हणून अपोमी तिरीमिरीत उठला आणि त्याचे टक्कल तुळईवर आपटले.

बाहेर टोपली घेऊन उभी असलेली यातिंबे हसली. "बस रे म्हाताऱ्या. टेंगळावर कांदा चोळ. अजून तरी माझाच आहे."

अपोमी डोके धरून बसला. "तिला विचारल्याशिवाय माझा होकार नाही. जेवण इथंच पाठवा."

अखेर तिला विचारले गेले. कडेला उभी राहूनच ती बोलली, "रस्ता मलाही हवाय. डोक्यावरून कांदे न्यायची काय हौस आहे मला? ओगोबाराच्या खळ्याकडून वळवा. खडक फुटेल. फोडायला मीही येते."

कुरकुर झाली, मग एकेक मान डोलली. आता एकटा ओगोबारा उरला. त्याचीच मोजणी त्याच्यावर उलटवता आली असती. पण अपोमीने हात वर केला नाही. "सांग पोरा, तुझी अडचण काय आहे?" एवढेच त्याने विचारले. त्याच्या वडिलांच्या खळ्याचा एकही दगड हलवायचा नाही, असे ठरले तेव्हा ओगोबारानेही मान डोलवली.

त्या वळणावर ट्रकवाले आजही शिव्या घालतात. वाफे मात्र हिरवे आहेत.

आता ओगोबाराला सिमेंटचे उंच खांब हवे आहेत. हात मोजता यावेत म्हणून. त्याने मागणी अवश्य मांडावी. मात्र याच छपराखाली, बसून. मित्रांनो, एकमताला वेळ लागतो, हे मी नाकारत नाही. पण घाईत मोजलेले हात कोणाच्या वाफ्यांवरून जातात, ते मी पाहिले आहे. तुमच्याकडे असे एखादे ठेंगणे छप्पर असेल, तर ते जपा. मला उपटायचे असेल, तर सर्वांचा होकार आणा. आत बसणाऱ्या आठ जणांचा आणि टोपली घेऊन बाहेर उभी आहे तिचाही. तोवर मी हलणार नाही.