पाचवं वल्हं

“केबल्या, नेट गेलं माझं! लाल दिवा लुकलुकतोय!” सगळे ज्याला दाढी म्हणत, तो मित्र फोनवर ओरडत होता.

केबलवाला नुकताच बोटीत बसला होता, दाढीच्याच जागेवर. खेळ असा, की मित्रांनी आपापल्या घरून मोबाइलवर एकच बोट वल्हवायची, वादळं चुकवायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून बुडायचं. वल्ही चार. मित्र पाच. शाळेपासून या पाचांनी सगळं एकत्र केलं होतं, नापाससुद्धा एकत्रच झाले होते. आता मात्र पाचव्याने कुणाचं तरी नेट जाण्याची वाट बघायची. आणि अख्ख्या कॉलनीत नेट दुरुस्त करणारा माणूस एकच होता : पाचवा.

“येतो,” म्हणून त्याने वल्हं ठेवलं आणि शिडी उचलली.

“जोड जरा सैल ठेवा की,” बायको म्हणाली. “तेवढंच खेळायला मिळेल.”

“धंदा आहे माझा.”

“मग बसा काठावर.”

काठावर बसून त्याने खेळाच्या कंपनीला लिहिलं, ‘आम्ही पाच आहोत. कृपया एक वल्हं वाढवावं.’ उत्तर आलं, ‘आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.’ त्याने पुन्हा लिहिलं, ‘वल्हं नसलं तरी चालेल. मी पाणी उपसेन.’ मत पुन्हा मोलाचं ठरलं. शेवटी त्याने लिहिलं, ‘निदान बुडताना तरी घ्या.’

आणि एका रविवारी सकाळी बोटीला पाच वल्ही आली.

केबलवाल्याने दाढी केली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. खेळात तोंड दिसत नाही. नवे हेडफोन कानाला लावून तो बोटीवर गेला. ‘बोट भरली आहे.’ त्याने मोबाइल बंद करून चालू केला. बोट भरलेलीच होती. मग त्याने दाढीला फोन लावला.

“अरे हो, सांगायचंच राहिलं. आमचा मेहुणा आलाय ना खालच्या मजल्यावर राहायला, त्याला घेतलं. तुझं काय, तू अर्धा वेळ शिडीवर. वल्हं रिकामं राहिलं की बोट गोल गोल फिरते रे!”

“मी लिहिलं होतं कंपनीला.”

“कशाबद्दल?”

“वल्ह्याबद्दल.”

“काय सांगतोस! झकास काम केलंस गड्या. मेहुणा जाम खूश आहे.”

दुपारी मेहुण्याचं नेट गेलं.

केबलवाला गेला. जिन्यात वायर उंदराने कुरतडली होती. त्याने तुटलेली टोकं छाटली, पुसली, जोड दिला. बायकोचं बोलणं आठवलं तेव्हा बोटं क्षणभर थांबली. मग त्याने जोड पुन्हा तपासला आणि पक्का केला. आत हिरवा दिवा लागला.

“थँक्यू दादा! बसा ना, बघा थोडा वेळ,” मेहुणा म्हणाला, पण तोवर त्याची नजर मोबाइलवर गेली होती. स्पीकरवर ओळखीचा गलका सुरू झाला, आणि त्यातून दाढीचा आवाज आला, “आला का रे पाचवा?”

“आलो, आलो!” मेहुणा म्हणाला.

दारात शिडी खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या केबलवाल्याचंही तोंड उघडलं होतं. त्याने ते मिटलं. मग बाहेर येऊन दार अगदी हळू ओढून घेतलं, फटीतली वायर चेंगरू नये म्हणून.