गटाचं नाव

टेबलाखाली वाकून ताईंनी चाचणीच्या सर्व्हरची नेटवर्कची वायर ओढून काढली. बाहेर फोन वाजतच होते. रक्ततपासणीचे सकाळपासूनचे निम्मे रिपोर्ट गायब होते आणि दवाखाने ते मागत होते.

ते रिपोर्ट याच सर्व्हरच्या डब्यात आले होते. इथले सर्व्हर नेटवर्कवर हाक मारून एकमेकांना शोधत. गटाचं नाव जुळलं की आपला समजून कामाचा वाटा देत. या चाचणीच्या सर्व्हरवर रोजच्या कामाच्या खऱ्या सर्व्हरचं सेटिंग गटाच्या नावासकट जसंच्या तसं उतरवलेलं होतं. त्यानं हाक मारली, बाकीच्यांनी ओ दिली आणि निम्मे रिपोर्ट त्याच्या पदरात पडले. दुपारी जावईबापूंनी चाचणी संपली म्हणून त्यातला सगळा डेटा पुसून टाकला.

जावईबापू म्हणजे मालकांचे जावई. सहा महिन्यांपूर्वी आले ते थेट साहेब म्हणून या काचेच्या खोलीत. हे नाव त्यांना ऑफिसनं ठेवलं होतं, अर्थात पाठीमागे. गटाचं नाव वेगळं हवं, हे ताईंनी त्यांना परवाच सांगितलं होतं. शिवाय पिवळ्या चिठ्ठीवर लिहून त्यांच्या स्क्रीनला चिकटवलं होतं, 'सुरू करण्याआधी गटाचं नाव बदलायचं.' मोठ्यांना नुसतं तोंडी सांगून भागत नाही, एवढी अक्कल अकरा वर्षांत आली होती.

ताईंनी टेबलाखालून वर पाहिलं. जावईबापूंच्या स्क्रीनवर चिठ्ठी नव्हती.

ताई आपल्या जागेवर आल्या, तर मालक तिथंच उभे. मागे जावईबापू, मोबाइलमध्ये डोकं घालून.

“ताई, तो सर्व्हर तुमच्या नावावर आहे ना?”

“हो. यांना फॉर्म भरायचा कंटाळा, म्हणून माझ्या नावावर घेतला. चालवत हेच होते. मी लिहूनसुद्धा दिलं होतं यांना.”

मालकांनी ताईंच्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. कोपऱ्यात पिवळी चिठ्ठी होती. अक्षर ताईंचंच.

“स्वतःच लिहून ठेवलंत आणि विसरलात?”

ताईंनी जावईबापूंकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. ताईंना संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची चीड आली. चिठ्ठीवर त्यांनी ना कुणाचं नाव घातलं होतं ना तारीख.

“ही इथे नव्हती,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही व्हा पुढे,” मालकांनी जावयाला सांगितलं. जावईबापू गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

“मला दिसतं सगळं, ताई. पण पोरगी दिलीय मी. दवाखान्यांना कुणाचं तरी नाव सांगावं लागेल. उद्यापासून नका येऊ. आजचा दिवस तेवढं आवरून द्या.”

पुढच्या चाचण्यांसाठी तो सर्व्हर नीट लावून द्यायचा राहिला होता आणि ते काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. ताई पुन्हा काचेच्या खोलीत गेल्या. गटाचं नवं नाव घातलं, वायर जोडली आणि स्क्रीनकडे बघत बसल्या. सर्व्हरनं हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. कुणी ओ दिली नाही.

सेटिंग बरोबर झालं होतं.